टाळ, पेटी आणि गिटार

गेल्या नाताळातली गोष्ट. म्हसळ्यासारख्या गावी नाताळाचा म्हणून काही मोठा गाजावाजा नसतो. पहाटेची बांग, संध्याकाळचा हरिपाठ आणि श्रीवर्धनकडे जाणाऱ्या एस. टी.ची घरघर, एवढ्यात आमचे गाव जागे होते आणि झोपते. तरी दवाखान्यात नोकरीला असलेल्या एका सिस्टरच्या दारावर दर वर्षी कागदाची चांदणी लागते, आणि तिच्या घरचा केक व करंज्या आमच्या घरी येतात. ही सिस्टर मूळची नगरकडची. तिची आई तिच्याजवळच असते; वय ऐंशीच्या घरात, शिक्षण नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेतले, आणि कविता म्हणाल तर शेकड्यांनी पाठ! तिचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला. आता पनवेलला एका कंपनीत असतो.

त्या दिवशी मी फराळाला गेलो तेव्हा घरात विलक्षण शांतता होती. मुलगा गिटार मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. आजी आतल्या खोलीत जाऊन बसली होती. मला पाहताच मुलगा म्हणाला, "सर, तुम्हीच ऐका आणि सांगा." त्याने मोबाईलवर एक गाणे लावले. त्याच्या पनवेलच्या मंडळीतल्या चार-पाच पोरांनी ते गाऊन भरून घेतले होते. आरंभी गिटारचे एकेक सूर, दरीत हाक मारावी आणि ती फिरून फिरून यावी तसे. मग हळूच ड्रम, मग सारा वाद्यमेळ एकदम उसळलेला, आणि त्याच्या वर एका तरुणाचा टिपेचा आवाज. शब्द कानी पडले तेव्हा मी चमकलो. ते नारायण वामन टिळकांचे एक जुने पद होते.

आतून आजीचा आवाज आला, "टिळकांचे पद असे ओरडून म्हणतात होय रे? हे भजन आहे की वरात?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी शाळामास्तर, दोन्ही पक्षांचे ऐकून निवाडा देण्याची मला सवय आहे. पण त्या दिवशी निवाडा सुचेना. "मला थोडा वेळ दे," एवढेच म्हणालो. त्या वेळात मी जे वाचले, जे आठवले आणि जे ताडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण हा वाद त्या एका घरापुरता नाही. भजनीमंडळात कीबोर्ड आला तेव्हा आमच्या गल्लीतही तो झालाच होता.

प्रथम त्या पोरांच्या संगीताविषयी. या तऱ्हेला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. बाजारी चालीच्या रॉकहून काही निराळे करावे, या हट्टातून ते इंग्लंड-अमेरिकेत १९८० च्या सुमारास रुजले. पण उपासनेच्या गाण्यावर ज्या वाद्यवृंदाची सर्वांत दाट छाया पडली, तो आयर्लंडमधला. १९७६ साली डब्लिन शहरात शाळकरी मुलांनी 'यू-टू' नावाचा संच काढला. त्यांतल्या चौघांपैकी तिघे तरुणपणी एका ख्रिस्ती प्रार्थनामंडळात जात असत. १९८३ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतले शेवटचे गाणे बायबलातल्या चाळिसाव्या स्तोत्रावरून रचलेले आहे. त्यांचा गिटारवादक तारेवर एक सूर छेडतो, आणि पायाशी ठेवलेले लहानसे यंत्र तो सूर क्षणभराने पुन्हा ऐकवते. छेडलेला आणि परतलेला असे दोन्ही सूर एकमेकांत गुंफले जाऊन एका माणसाच्या हातून झऱ्यासारखा नाद निघतो. मोठ्या देवळाच्या घुमटाखाली आवाज घुमावा तसा भास चार भिंतींच्या हॉलमध्ये होतो. उपासनेच्या गाण्यांना हा नाद इतका का मानवला, ते यावरून कळते. डिसेंबर २०१९ मध्ये हा संच नवी मुंबईत नेरुळला येऊन गेला. तिकीट परवडण्यासारखे नव्हते, म्हणून आमचा हा विद्यार्थी मैदानाबाहेर रस्त्यावर उभा राहून जेवढे कानी पडले तेवढे ऐकून आला होता!

पण गिटारपर्यंत येण्यापूर्वी चारशे वर्षे मागे जायला हवे.

१५७९ साली टॉमस स्टीफन्स नावाचा तीस वर्षांचा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्याला उतरला. साष्टीत त्याचा जन्म गेला. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे गेली होती, देवळे गेली होती. त्यांच्या कानांना ओवीची भूक मात्र तशीच राहिली होती. आम्हांला आमच्या भाषेत काही पुराण द्या, अशी मागणी करणारा नवख्रिस्ती माणूस स्टीफन्सने आपल्या ग्रंथातच आणला आहे. त्या मागणीचे उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूर येथे छापलेले 'क्रिस्तपुराण'. सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. गोव्याच्या देवळांतून ते वाचले आणि गायले जाई. ओवी ही जात्यावरची आणि ज्ञानेश्वरीची. ती ख्रिस्ती देवळात आली तेव्हा कोणा कडव्या पाद्य्राच्या कपाळाला आठी पडलीच नसेल, असे कोण म्हणेल? १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला. तरी हस्तलिखितांच्या वह्यांतून पुराण जिवंत राहिले, आणि १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापून निघाले.

आमच्या किनाऱ्यावरही याची एक साक्ष आहे. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरावे, मुरूड मागे टाकून उत्तरेस जावे, म्हणजे रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी कोर्लई लागते. चौलचे पोर्तुगीज ठाणे १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती गेले, राज्यकर्ते निघून गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणाची एक बोली अजून बोलली जाते. मराठी शेजाऱ्यांत राहून तीनशेच्या आसपास वर्षे या थोड्या घरांनी ती राखली. सत्ता गेली, किल्ल्याच्या भिंती पडल्या. घरातल्या तोंडी जे बसले होते तेवढे टिकले. मला वाटते, गाण्याचेही असेच आहे.

आता देशावर येऊ. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आणि १८३१ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, येऊन बसले. त्यांनी आपली गीते मराठीत आणली. पण चाली विलायतेच्याच ठेवल्या. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर. तेव्हा विलायती चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घाचा चुराडा होई, आणि अर्थाचा पत्ता लागत नसे. खेड्यातला माणूस ते मान देऊन ऐकी. पण घरी जाऊन गुणगुणत नसे. हे ओळखून नगरकडच्या काही ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची वाट धरली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यांत आदराने घेतले जाते. आख्यान ख्रिस्ताचे, ठेवण हरिदासाची: तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, तेच टाळ आणि तीच वीणा. यालाही आक्षेप आले. ज्या साजात विठ्ठल गायिला, त्याच साजात ख्रिस्त गावा काय, हा प्रश्न दोन्हीकडून विचारला गेला.

त्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर कोकणातच जन्मले. नारायण वामन टिळक मूळ रत्नागिरीकडच्या करजगावचे, जन्म १८६१. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचता वाचता त्यांचे मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या घराचे काय झाले, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे मराठी घराघरांत ठाऊक आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळक बोलत. आणि तो पूल त्यांनी मागे मोडून टाकला नाही. अभंग, पदे, भजने त्यांनी अशी लिहिली की 'उपासना-संगीत' या मराठी गीतसंग्रहाचा फार मोठा वाटा एकट्या त्यांचाच झाला. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले. १९१९ मध्ये ते गेले, तेव्हा ते अपुरे होते. पुढे लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. आज आजीला जे पद 'आपले जुने' वाटते, ते एके काळी नवेच होते. इतके नवे, की त्याच्यासाठी विलायती चालींना जागा सोडावी लागली.

हे केवळ ख्रिस्ती घरांतच घडले असे नाही. आमच्या रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली, घ्या. दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर अशी त्यांची आडनावेच आपल्या गावांचा नकाशा आहेत. हे लोक मराठी बोलत, आणि १८८० च्या सुमारास त्यांच्यातल्या हौशी मंडळींनी मराठीत कीर्तने रचून मोशेची, योसेफाची, आब्राहामाची आख्याने लावली. साज पुन्हा तोच. पुढे १९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. पण मराठी कीर्तनाची आठवण त्यांच्याबरोबर समुद्रापार गेली.

आता वाद्यांकडे वळू. कारण आजीचा खरा राग शब्दांवर नव्हता, वाद्यांवर होता. "आपली पेटी काय वाईट आहे?" असे ती म्हणाली होती. पेटीचा इतिहास पाहिला तर मात्र गंमत वाटते. ही 'आपली' पेटी पॅरिसची. अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास ती सिद्ध केली. पायाने भाता मारायची ती पेटी मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता देऊन बैठकीची केली. मग ती नाटकात शिरली, कीर्तनात शिरली, देवळात जाऊन बसली. आणि या पेटीला परकी ठरवून आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून बंदी घातली! ती बंदी १९७१ मध्ये कुठे सैल होऊ लागली. म्हणजे जे वाद्य आजी गिटारच्या विरुद्ध साक्षीला उभे करीत होती, ते स्वतःच तीस वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते.

ढोलाचेही तेच. सप्टेंबर १८८२ मध्ये मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबईला उतरली. फ्रेडरिक टकर आणि त्यांचे मूठभर सोबती, अंगावर देशी वस्त्रे, हाती बिगूल आणि ढोल. वाजतगाजत रस्त्याने निघाल्याबद्दल इंग्रज सरकारच्या पोलिसांनी त्यांना पकडले. टकरसाहेबांना तुरुंगही पाहावा लागला. गोऱ्या माणसाने ढोल बडवीत देवाचे नाव घेत हिंडावे, हे इंग्रज अंमलदारांच्या प्रतिष्ठेला सोसले नाही. १९०३ मध्ये रोमहून पोप दहावे पायस यांनी फर्मान काढले, की देवळात पियानो नको, ढोल-झांजा नकोत. हे फर्मान हसण्यावारी नेण्याजोगे मात्र नव्हते. त्या काळी युरोपातल्या देवळांत नाटकी ढंगाचे गाणे बोकाळले होते. गवई गात आणि भक्त श्रोते होऊन बसत. पोपना भक्तांच्या तोंडचे गाणे परत आणायचे होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची गरज पुढे लागणार आहे.

साठ वर्षांनी दार पुन्हा उघडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी ठराव केला. लॅटिनच्या जोडीला लोकभाषेला जागा मिळाली, आणि ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्याला शोभतील अशी इतर वाद्येही घेण्यास परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात सहावे पॉल मुंबईला येऊन गेले. त्यानंतर वसईपासून कोर्लईपर्यंत मराठी मिस्सा रूढ झाली.

याच्या आधीपासून देवळातले संगीत आडवाटेने आपल्या घरात आलेले होते, हे आपण विसरतो. गोव्याच्या गावोगावच्या देवळांशी जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. तीच पोरे मोठी होऊन मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचे नाव अजरामर झाले. 'हे सिनेमासारखे वाटते' अशी तक्रार आजी करते, तेव्हा सिनेमानेच पुष्कळसे देवळातून उचलले होते, हे तिला कोणी सांगावे!

इकडे अमेरिकेत १९६० नंतर लांब केसांची, अनवाणी हिंडणारी हिप्पी पोरे ख्रिस्ताकडे वळू लागली आणि येताना आपली गिटार घेऊन आली. लॅरी नॉर्मन यांची १९६९ ची ध्वनिमुद्रिका ही ख्रिस्ती रॉकच्या आरंभीची मोठी खूण मानतात. त्या वेळीही म्हातारी मंडळी सभागृहातून उठून गेलीच. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला जी मंडळी स्थापन झाली, तिची 'हिलसाँग' या नावाची गाणी पुढे जगभर गेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावातून १९९० नंतर 'डेलिरियस' नावाचा संच निघाला. तरुणांच्या प्रार्थनासभांतून वाढलेल्या या संचाने तो गिटारचा परतणारा नाद उपासनेत पक्का केला. हे लोक मुंबईलाही आले होते. इथल्या वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी चाललेले काम पाहून त्यांचा गायक मार्टिन स्मिथ हलून गेला. २००८ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर त्या भेटीची छाया आहे. तेव्हा हा प्रवास नुसता एकेरी नाही.

इतके सगळे गोळा झाल्यावर निवाडा नातवाच्या बाजूने झाला, असे वाचकांस वाटेल. मलाही तसेच वाटले होते. ओवी, टाळ, पेटी, ढोल, सगळेच एके काळी बाहेरचे. मग गिटारनेच काय घोडे मारले? हा युक्तिवाद घेऊन मी या गणपतीच्या सुटीत त्या घरी गेलो. मुलगाही आला होता. मी माझे पुराण सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले. पेटीची हकिकत ऐकून हसलीही. मग म्हणाली, "सर, पेटी पॅरिसची असो की पंढरपूरची. मला त्याचे काही नाही. मी गेले होते त्याच्या पनवेलच्या उपासनेला. दिवे घालवले होते. पुढे ही पोरे गात होती आणि आम्ही बसून बघत होतो. मी तोंड उघडले, तर माझा आवाज तिथवर पोचेना. इतक्या वरच्या पट्टीत माझ्यासारख्या म्हातारीने गावे कसे? साठ वर्षे जे पद मी म्हटले, ते त्या दिवशी मला नुसते ऐकावे लागले."

मी गप्प झालो. ज्या मुद्द्यासाठी पोपनी फर्मान काढले, ज्यासाठी स्टीफन्सने ओवी घेतली, ज्यासाठी टिळकांनी विलायती चाल बाजूला सारली, तोच मुद्दा या बाईने मला चार वाक्यांत दाखविला होता. वाद्य कुठून आले याचा हिशेब मी मांडीत बसलो होतो. ते आल्यावर गाते कोण, हे मी पाहिलेच नव्हते. ओवी टिकली, कारण ती ज्याच्या त्याच्या तोंडी बसली. कीर्तनातही बुवा पुढे असले तरी गजर सगळ्यांचा असतो. हे नवे संगीत ज्या गायकांनी बांधले ते तरुण. त्यांचे गळे वर चढतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्या चढण्याने भरून येते, हे खरे आहे. पण भरून येणे निराळे आणि गाणे निराळे.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "आजी, या पदाची आम्ही तीनच कडवी घेतली. आणखी आहेत ना?"

"आहेत तर! तुम्हांला कोणी शिकवली नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?"

तिने उरलेली सांगितली; त्याने ती वहीत उतरून घेतली. मग गिटार घेतली आणि म्हणाला, "तू सुरू कर. कुठल्या पट्टीत म्हणतेस ते मला बघू दे." आजीने डोळे मिटून सुरुवात केली. त्याने तारांवर दोन ठिकाणी चाचपून तिचा सूर शोधला. पोरांनी भरून घेतलेल्या गाण्याहून तो पुष्कळच खाली होता. त्या पट्टीत त्याने ते धरले. परतून येणाऱ्या सुरांचे यंत्र पायाशी नव्हते, तरी बोटांनी तो नाद थोडाफार काढलाच. दुसऱ्या कडव्याला सिस्टर स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहून म्हणू लागली. तिसऱ्याला, पद मला येत नसतानाही, ध्रुपदापुरता मीही त्यांत होतो.

संपल्यावर आजी म्हणाली, "वाजव हो तू. वाईट नाही. फक्त ते ढोलके जरा लांब ठेव."

येत्या नाताळात पनवेलच्या उपासनेत हे पद सगळ्या कडव्यांसह आणि आजीच्या पट्टीत घ्यायचे, असे पोरांनी ठरवले आहे. दिवे लावून ठेवायचे की घालवायचे, यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे असे ऐकतो.